सुलतानच्या दावणीला दुसरं घोडं

रविवारी खडकवासल्याला येणारा पुणेकर ठरलेल्या क्रमानं वागतो. गाडी लावायला जागा शोधतो, सापडली नाही की आहे तिथेच लावतो, तिखट-मीठ-लिंबू चोळलेलं कणीस घेतो आणि ते खात खात धरणाकडे बघून 'आत्ता किती टीएमसी असेल हो?' असं शेजारच्याला विचारतो. काठोकाठ भरलं तरी 1.97, हे ऐकून त्याचा चेहरा पडतो. पानशेत, वरसगाव, टेमघर मिळवून 29.15 होतात म्हटलं की परत खुलतो. बरोबर लहान मूल असेल तर पुढचा कार्यक्रम घोड्याचा. मुलाला घोड्यावर बसवायचं, समोर उभं राहून 'हस रे, हस' म्हणत फोटो काढायचे आणि मुलानं भोकाड पसरलं की घोड्याकडे रागानं बघायचं. तो घोडा सुलतान असण्याची शक्यता बरीच असते.

सुलतान आमच्या शेजारच्या आबांचा. आमच्या बिल्डरनं माहितीपत्रकात 'लेक व्ह्यू' छापलं होतं. गॅलरीतून प्रत्यक्षात आबांचं अंगण दिसतं. चिंचेचं झाड, पत्र्याचा गोठा, दोन म्हशी, कायमची बंद पडलेली जीप आणि सुलतान. तलावापेक्षा हा सौदा फायद्याचा पडला असं माझं मत आहे. तलाव दिवसभर काहीच करत नाही.

सुलतान रंगानं पांढरा, घोडेवाल्यांच्या भाषेत नुकरा. पावसाळ्यात मात्र चिखली. शनिवार-रविवार चौपाटी, लग्नसराईत वरात आणि मधल्या दिवसांत चिंचेखाली डुलकी असा त्याचा दिनक्रम. कानाशी डीजे लावला, पुढ्यात फटाक्यांची माळ उडवली, तरी तो एक मागचा पाय मुडपून उभ्या उभ्या झोपू शकतो. 2021 साली आमचं गाव आणखी बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत गेलं, तेव्हापासून तो शहरी घोडा आहे. त्यानं त्याचा कधी तोरा मिरवला नाही.

एकच दुखणं होतं. तो एकटा होता. घोडं हे कळपातलं जनावर. एकटं राहिलं की दावणीचं लाकूड कुरतडतं, नाहीतर एकाच जागी तासन्‌तास डुलत राहतं. त्यावर जगभर लोकांनी उपाय केले आहेत. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गोडॉल्फिन अरेबियन नावाचा घोडा होता. आज शर्यतीत पळणाऱ्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचे जे तीन मूळपुरुष मानतात, त्यांतला हा एक. त्याची एका मांजराशी जिवाभावाची दोस्ती होती, असं सांगतात. शर्यतीच्या घोड्याला सोबत म्हणून शेळी बांधायचीही जुनी चाल आहे. आबांनी सुलतानला बोकड आणून दिला. दोघांचं फार जमलं. बोकड त्याच्या पोटाखाली झोपायचा, त्याच्या तोबऱ्यातला हरभरा खायचा, आणि सुलतान त्याला खाऊ द्यायचा. ही मैत्री गावच्या जत्रेपर्यंत टिकली.

त्यानंतर सुलताननं पुन्हा लाकूड कुरतडायला घेतलं आणि आबांनी दुसरं घोडं घ्यायचं मनावर घेतलं. काकूंचं म्हणणं, आधी गोठ्याचे पत्रे बदला. दिवाळीत आबा पत्रे बघून येतो म्हणून बाहेर पडले आणि अकलूजहून घोडी घेऊन आले.

अकलूजचा घोडेबाजार दिवाळी पाडव्याच्या सुमारास भरतो. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीचा बाजार त्याहून मोठा, नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेतला वेगळा. पण पुण्याच्या माणसाला पत्रे आणायला निघून पोचता येईल असा अकलूजच. घोडं घेताना दात आणि पाय बघतात एवढं मला ऐकून माहीत होतं. त्याहून जास्त वेळ अंगावरचे भोवरे बघण्यात जातो, हे आबांकडून कळलं. गळ्यावर देवमण असेल तर किंमत चढते. डोळ्याखाली आसूढाळ निघाला तर उतरते. पायावर खुंटउपाड असेल तर मालकाचा खुंटा उखडतो म्हणतात, असं घोडं कुणी फुकटही नेत नाही. आबांच्या घोडीला देवमण होतं.

"धा हजार तर नुसत्या देवमनाचं दिलं," आबा अभिमानानं म्हणाले.

"तेवढ्यात पत्रं झालं असतं," काकू म्हणाल्या.

घोडीचं नाव राणी. रंगानं कुमैत, अंग तांबूस, आयाळ आणि पाय काळे. उंची अठ्ठावन्न इंच, म्हणजे सुलतानपेक्षा चांगली चार इंच कमी. नाकासमोर चालणारी वाटत होती. वाटत होती, एवढंच.

आता खरा प्रश्न. दोन घोड्यांची ओळख करून कशी द्यायची? मला वाटलं होतं, शेजारी बांधलं की झालं. पशुवैद्यांनी पहिल्याच दिवशी तो बेत मोडून काढला. नवीन जनावर दोन-तीन आठवडे जुन्यापासून लांब. पाण्याची बादली वेगळी, चंदीची पाटी वेगळी, खराराही वेगळा. आणि हात आधी सुलतानला लावायचा, मग राणीला, उलट कधीही नाही. बाजारातून आलेलं घोडं बाहेरून ठणठणीत दिसलं तरी आत काय घेऊन आलंय ते सांगता येत नाही. घशाला गाठी येणारा स्ट्रँगल्स असतो, आणि ग्लँडर्स तर माणसालाही होतो. घोड्याला ग्लँडर्स असल्याचं ठरलं तर कायद्यानं ते जनावर मारावं लागतं. तेव्हा या बाबतीत आबांसारखा अघळपघळ माणूसही वचकून होता. राणीची रवानगी गावाच्या दुसऱ्या टोकाला, भाच्याच्या रिकाम्या गोठ्यात झाली आणि तिच्या रक्ताचा नमुना हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला.

इकडे तुळशीचं लग्न जवळ आलेलं. तुळशीचं लागलं की माणसांची सुरू होतात आणि आबांनी दोन घोड्यांच्या हिशेबानं वरातीच्या सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या. फोन येई, "घोडी कधी बघायला येऊ?" आबा सांगत, "घोडी हितं हाय, रगात हिसारला गेलंय. त्ये आलं की या."

त्या आठवड्यांत दोघं एकमेकांना दिसत नव्हती, पण वारा फिरला की ऐकू जात होती. पहाटे तिकडून राणी खिंकाळली की सुलतानचे दोन्ही कान त्या दिशेला वळायचे आणि चरणं थांबायचं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका घोड्यासमोरून त्याच्या ओळखीचा दुसरा घोडा नेऊन आडोशामागे दडवायचा आणि मग तिसऱ्याच ओळखीच्या घोड्याचा आवाज ऐकवायचा. घोडी चक्रावून त्या आडोशाकडे जास्त वेळ बघत राहिली, कारण चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा हे त्यांना पटेना. म्हणजे कोणता आवाज कुणाचा, याची नोंद घोडं डोक्यात ठेवतं. सुलतानच्या नोंदवहीत आवाज आला होता, चेहरा यायचा होता.

ही वाट बघण्याची मुदत घोड्यांना जड गेली नाही. गल्लीला गेली. आमच्या गल्लीत दुसऱ्याच्या घरात काही नवीन येणार असेल तर ते कसं आणावं, यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. सगळ्यांच्या तोंडी एकच, 'नवी सून आणल्यासारखं करा.' उंबऱ्यावर माप ठेवा, औक्षण करा, भाकरतुकडा ओवाळा, अमावस्या टाळा. सुलतानला सवत वाटू नये, असंही एक काकू म्हणाल्या. सुलतान घोडा असून त्याला सवत कशी येईल, असं विचारायचं धाडस माझ्याच्यानं झालं नाही. दुसऱ्या एका काकूंनी तर शिंगरू कधीपर्यंत होईल असं चौकशीच्या सुरात विचारलं. सुलतान लहानपणीच खच्ची केलेला आहे, हे चारचौघांत कसं सांगायचं याच्या विवंचनेत आबा चिंचेकडे बघत म्हणाले, "त्यो त्या खात्यातनं रिटायर हाय."

खालच्या मजल्यावर केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले एक इंजिनियर राहतात. 1916 पासून चालत आलेली ही संस्था आमच्या गावची शान. देशात कुठे बंदर किंवा धरण बांधायचं म्हटलं की तिथे आधी त्याची छोटी प्रतिकृती करून पाणी सोडून बघतात. साहेबांचा आयुष्यभराचा स्वभाव तसाच बनला आहे. "थेट प्रोटोटाइपवर जाऊ नका आबा," ते म्हणाले, "आधी मॉडेल स्टडी करा." घोड्याचं मॉडेल कसं करायचं हे विचारल्यावर त्यांनी कागद मागवला. त्यावर बाण काढले. सुलतान हा मुख्य प्रवाह, राणी ही उपनदी, संगमाच्या कोनावर सगळं अवलंबून. साठ अंशांपेक्षा जास्त कोन झाला तर भोवरे निर्माण होतील, म्हणाले. भोवरा शब्द ऐकून आबांनी घाबरून विचारलं, "कुठं? पायावर?"

माळकरी बापूंनी वारीचा दाखला दिला. "माउलींचे दोन अश्व बघा. दरवर्षी बेळगावाकडच्या अंकलीहून आळंदीला चालत येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, त्यावर माउली. रिंगणात कसे धावतात! कधी भांडले?"

"बापू, त्यांच्या पाठीवर माउली हाय," आबा म्हणाले, "हितं चौपाटीची पोरं हायेत."

आणखी एका हुशार माणसानं व्हिक्स सुचवलं. दोन्ही घोड्यांच्या नाकपुड्यांना चोळायचं म्हणजे एकमेकांचा वास येत नाही आणि भांडण होत नाही. घोडेवाल्यांत ही युक्ती खरंच चालते, पण ती तासाभराच्या कामापुरती, मिरवणुकीत दोन अनोळखी घोडी शेजारून न्यायची असतील तेव्हासाठी. जन्मभर एका दावणीला राहायचं त्यांना एकमेकांचा वास येऊ न देणं म्हणजे ओळख पुढे ढकलणं. शिवाय डबी कुणाची वापरायची यावर वाद होऊन ती सूचना बारगळली.

उपयोगाचं बोलले ते फक्त दफेदार. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी 1955 सालापासून आमच्या शेजारी आहे आणि तिथे छात्रांना घोडेस्वारी शिकवतात. दफेदारांचं आयुष्य घोड्यांतच गेलेलं. ते सहसा बोलत नाहीत. बोलले की चार वाक्यांत हुकूम सुटतो. अंगणात ओळख करून द्यायची नाही, कोपरा असलेली जागा नको, मोकळा माळ हवा; कोपऱ्यात सापडलेलं घोडं भित्रं असलं तरी लाथ मारतं. आधी दोन-चार दिवस मध्ये कुंपण ठेवून नाकाला नाक लागू द्यायचं. दोघांचे मागचे नाल काढून टाकायचे, नुसत्या खुराची लाथ सूज आणते, लोखंडाची हाड मोडते. आणि शेवटचं, जे मला फार आवडलं, दोन घोड्यांना चाऱ्याचे तीन ढीग घालायचे.

"तिसरा कुणाला?" मी विचारलं.

"पळणाऱ्याला," दफेदार म्हणाले.

हिसारचा निकाल स्वच्छ आला. नालबंद येऊन मागचे नाल काढून गेला. कुंपणापलीकडून हुंगाहुंगी झाली आणि एका गुरुवारी सकाळी नांदोशीच्या बाजूच्या माळावर मुख्य कार्यक्रम ठरला. अमावस्या टाळलेली होती. ओवाळणीचं ताट दफेदारांनी परत पाठवलं. बाकी सगळा गाव आला. काही तरुण मंडळी मोबाइल आडवे धरून सज्ज होती. त्यांना दोन्ही घोडी मागच्या पायांवर उभी राहतील, धुरळा उडेल आणि तो मंदगतीत दाखवता येईल अशी आशा होती.

माळाच्या एका कडेला धनगरांचा वाडा उतरला होता. दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागतात. त्यांची घोडी म्हणजे भीमथडीची तट्टं. भीमेच्या काठची ही जात मराठ्यांच्या घोडदळात नाव कमावून बसलेली, आणि आता 2024 साली तिची देशातल्या जातींच्या यादीत रीतसर नोंद झाली. ती तिथे पाठीवर भांडी, गोधड्या, दोन कोकरं आणि पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन निवांत उभी होती. एक म्हातारी धनगरीण आमची गर्दी बघून जवळ आली. कुणाचं लग्न आहे का, असं तिनं विचारलं. दोन घोड्यांची ओळख करून देतोय म्हटल्यावर तिनं तोंडाला पदर लावला. हसू आवरेना. "आमी रोज रातीला नव्या जागंला ऱ्हातो. घेतलेलं घोडं त्याच राती बाकीच्यांत बांधतो. त्यास्नी कोन वळख करून देतं?"

दोरखंड सुटले.

सुलतान आधी जागचा हलला नाही. मग त्यानं मान कमानीसारखी वाकवली, शेपूट वर धरली आणि चक्क दुडक्या चालीनं निघाला. त्याला दुडक्या चालीत मी आजवर पाहिलंच नव्हतं. सुपारी घेतलेल्या वरातीतही तो एवढा वेग देत नाही. राणी कान पुढे करून उभी. नाकपुडीला नाकपुडी लागली आणि दोघं एकमेकांच्या श्वासात श्वास सोडत राहिली, फुर्र, फुर्र, जवळ उभं राहिलं तर नाकपुड्यांच्या कडा थरथरताना दिसाव्यात इतकं सावकाश. गर्दी गप्प. मग राणीचे कान मागे गेले, पुढचा एक पाय तिनं जमिनीवर आपटला आणि अशी काही किंकाळी फोडली की रस्त्यापलीकडच्या घरातून एक आजीबाई ओट्यावर धावत आल्या.

"धरान फुटलं का काय?"

त्यांना हसायचं कारण नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणालाही खिंडार पडलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांची कोणत्याही मोठ्या आवाजावर पहिली शंका हीच असते.

किंकाळी ऐकून सुलताननं घोड्यांचं जुनं शस्त्र काढलं. तो वळला आणि पार्श्वभाग पुढे केला. आमच्याकडच्या म्हशी, कुत्री, आइसक्रीमवाल्याची गाडी, सगळे एवढ्यावर बाजूला होतात. राणी झाली नाही. तीही वळली, त्याच्या दुप्पट वेगानं, आणि दोन्ही पाय एकदम झाडले. लाथ लागली नाही; ती लागावी म्हणून मारलेलीच नव्हती. मारली असती तर किती लांब लागली असती, एवढं सुलतानला कळवायचं होतं. सुलताननं तो मजकूर वाचला. मान खाली घालून, ओठ हलवत, जणू गवतच खायला आलो होतो अशा थाटात तो पन्नास पावलं लांब गेला आणि चरू लागला. राणीनं त्याला माळाला दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग तीही चरू लागली.

संपलं. किटलीतला चहा अजून गरम होता.

गर्दीची घोर निराशा झाली. मोबाइलवाले म्हणाले, परत एकदा होईल का? इंजिनियर साहेबांनी संगमाचा कोन नेमका किती होता यावर दफेदारांना गाठलं. सवतीवाल्या काकूंना सुलतान दुखावल्यासारखा वाटत होता. त्यांनी त्याला गूळ दिला. तो त्यानं खाल्ला; दुखावलेला नव्हता. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्या आखून कैक वर्षं झाली, कुणाची गाडी कुठे हा वाद अजून सर्वसाधारण सभेत पहिल्या क्रमांकावर आहे. या दोघांनी हद्द, मान आणि चारा हे तिन्ही विषय सकाळच्या चहाआधी निकालात काढले आणि इतिवृत्तही लिहिलं नाही.

पण चार इंच बुटकी घोडी सुलतानवर भारी पडली, हे आबांना लागलं. पाणी पाजायला दोघांना एकत्र काठावर नेलं की राणी आधी पिणार, सुलतान मागे उभा. तिनं नुसता एक कान वळवला तरी तो पाण्यापासून दोन पावलं सरकतो. संताजी-धनाजींच्या धास्तीनं मोगलांची घोडी पाणी पीत नसत आणि 'पाण्यात संताजी-धनाजी दिसतात का?' असं विचारीत, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. आबा सुलतानला त्याच चालीवर विचारतात, "का रं? पान्यात रानी दिसतीय व्हय?"

तिसऱ्या ढिगाची करामत मात्र गॅलरीतूनच नीट दिसते. राणी पहिल्या ढिगावर येते. सुलतान दुसऱ्यावर. दुसरा ढीग बरा दिसतोय असं वाटून राणी तिकडे निघते, सुलतान तिसऱ्यावर जातो. तिसऱ्याकडे ती वळली की तो पहिल्यावर. हा संगीत खुर्चीचा खेळ कडबा संपेपर्यंत चालतो. त्यात माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की दुसऱ्याला हुसकण्यात राणीचा वेळ जातो आणि चालता चालता सुलतान खात असतो. हिवाळा संपता संपता सुलतानच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. राणी होती तेवढीच आहे. सत्ता तिची, पोट त्याचं.

काही आठवड्यांनी दोघं चिंचेखाली उलटसुलट तोंडं करून उभी दिसली. तिचं डोकं त्याच्या शेपटीकडे, त्याचं तिच्या. दोघं एकमेकांच्या मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, दातांनी हलके हलके खाजवत होती. डोळे अर्धे मिटलेले, सुलतानचा खालचा ओठ लोंबलेला. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर 1993 साली झालेलं एक संशोधन आहे. नेमक्या त्याच जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, असं त्यात मोजून दाखवलं होतं. इतरत्र खाजवून तो गुण येत नाही. आबांना हे सांगितलं. त्यांनी रात्री ती जागा काकूंना स्वतःच्या मानेवर दाखवली म्हणे. पत्रे येईपर्यंत तो विषय निघणार नाही असं उत्तर मिळालं.

दोघं एकमेकांना खाजवू लागली म्हणजे सगळं जमलं, असं आम्ही समजलो. इथेच नवीन भानगड सुरू झाली. आता त्यांना वेगळं करता येईना. राणीला एकटीला चौपाटीवर नेलं की सुलतान अंगणात दिवसभर हाका घालणार आणि तीही अर्ध्या वाटेवरून मागे वळणार. घोडेवाले याला 'जोड लागली' म्हणतात. धायरीच्या एका वरातीची सुपारी एका घोड्याची होती. राणी जागची हलेना, मुहूर्त जवळ आला, शेवटी आबांनी सुलतानलाही बरोबर घेतलं, नुसतं चालायला. नवरदेव राणीवर. डीजे सुरू झाला तशी घरची मालकीण थरथरायला लागली, पाठीवरचा नवरदेव बाशिंग सांभाळत 'आबा, आबा' करू लागला. तेव्हा सुलतान पुढे येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे एक पाय मुडपून झोपी गेला. राणीनं त्याच्या कुशीला नाक टेकवलं. थरथर थांबली. चारा कुणी आधी खायचा हे ती ठरवते. घाबरायचं की नाही, हे त्याला बघून ठरतं. दफेदारांना विचारलं तर म्हणाले, दमदाटी करणारं घोडं वेगळं आणि कळप ज्याच्या मागून जातो ते वेगळं, बऱ्याचदा एक नसतात.

मोकळी पाठ दिसल्यावर नवरदेवाच्या दोन मेहुण्यांनी सुलतानवर बसून घेतलं आणि पैसे द्यायच्या वेळी 'तो तर तुम्हीच आणला' म्हणाले. आबांनी तेव्हापासून दर बदलला आहे. वरात एका घोड्याची असो की दोन, पैसे दोघांचे पडतील. पत्रेही झाले. निळे आहेत, गॅलरीतून डोळ्यांवर तिरीप येते.

तुम्ही कधी रविवारी आलात आणि चौपाटीवर एक पांढरा आणि एक कुमैत घोडा शेजारी शेजारी दिसला, तर तेवढं बघा. दोघांच्या मधून वाट काढू नका आणि मागून हॉर्न तर अजिबात वाजवू नका. मागचे नाल आता परत ठोकले आहेत. कणीस खाऊन उरलेला दांडा त्यांच्यापुढे टाकू नका, घशात अडकतो. गूळ किंवा गाजर आणलं असेल तर आबांना विचारून द्या. दोघांना द्या, आणि आधी राणीला.